गाडी गार असताना

"लहानू, बंद कर! बंद कर आधी ती!"

आमचे हे ओसरीवर उभे राहून ओरडत होते. डोक्याला माकडटोपी, अंगावर शाल, हातातला चहा डचमळून बशीत आलेला. समोर पत्र्याच्या शेडखाली आमची काळी गाडी खोकत होती. दम्याचा माणूस पहाटे उठून बसतो ना, तशी सगळं अंग हलवत, मागून पांढरा धूर सोडत, मध्येच श्वास अडकल्यासारखी गप्प होत आणि पुन्हा उसळत. मिनिटभर हा प्रकार चालला. मग कुठलं तरी भूत अंगातून निघून जावं तशी ती एकदम शांत झाली आणि गुरगुरत उभी राहिली.

लहानू खाली उतरला. "झाली नाना. गरम झाली की काही नाही तिला."

"गरम झाली की काही नाही! पण गार असताना काय आहे, ते मी तुला विचारतोय. काय घालतोस तिच्यात?"

"डिझेल."

"नुसतं डिझेल?"

गाडीची काच पुसायचं फडकं लहानूने झटकलं, घडी केली आणि खांद्यावर टाकलं.

"घरातल्या माणसांनाही वास येतो रॉकेलचा," हे म्हणाले. "शनिवारी नाशिकहून दुसरा ड्रायव्हर येणार आहे. तोवर तुझं काय असेल ते आवर."

ही निफाडची गोष्ट. पंधरा वर्षं झाली. डिसेंबर संपत आला होता आणि पारा रोज पाच अंशांच्या खाली जात होता. आमच्याकडे थंडी म्हणजे नुसती हुडहुडी नव्हे. द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे तीनपासून लोक बागांना पाणी सोडतात, बांधावर शेकोट्या पेटवतात. सगळ्या शिवारावर धूर लोंबत असतो. त्या धुरातून सहाला बाहेर पडायचं, द्राक्ष खरेदीला आलेल्या व्यापाऱ्यांना गाठायचं, हे आमच्या ह्यांचं रोजचं काम. आणि त्यासाठी ही गाडी.

गाडी परदेशी बनावटीची, मोठ्या दिमाखाची. मुंबईच्या एका बिल्डरने सात वर्षं वापरून विकली होती, ती ह्यांनी घेतली. आतल्या गाद्या कातड्याच्या, पायऱ्या चढून आत बसायचं. गावात कुणाकडे तशी नव्हती. पहिल्या दिवशी हे तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घालून आले आणि मला म्हणाले, "बस की! हत्तीवर बसल्यासारखं वाटतं." मी बसले. खरंच तसं वाटलं.

लहानू पवार आमच्याकडे एकोणीस वर्षं होता. आधी ट्रक, मग जीप, मग ही. माझ्या लेकीला दोन्ही बाळंतपणांत त्यानेच दवाखान्यात पोचवलं होतं. गाडी बिघडली तेव्हा ह्यांनी ती नाशिकला मोठ्या वर्कशॉपमध्ये दोनदा नेली. तिथल्या साहेबाने यंत्र जोडून बघितलं, पडद्यावर काहीच दिसलं नाही. मग तो खांदे उडवून म्हणाला, "डिझेलमध्ये भेसळ असेल. तुमचा ड्रायव्हर कुठे भरतो?" झालं. त्या एका प्रश्नावर ह्यांनी मनात सगळा खटला चालवून निकालही देऊन टाकला: लहानू डिझेल विकतो आणि त्याजागी रॉकेल ओततो.

त्या सकाळी लहानू शेडमागे जाऊन बसला, तो चहालाही आला नाही. मला राहवेना. का राहवेना, ते पुढे सांगेन. मी शाल घेतली आणि चालत मंदा निकाळेच्या गॅरेजवर गेले.

मंदा म्हणजे आमच्या भागातली ट्रॅक्टरची डॉक्टर. नवऱ्याचं डिझेलचं गॅरेज होतं. तो अर्धांगाने खाटेला खिळला आणि हिने पाना हातात घेतला. साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, केसांना घट्ट रुमाल. सुरुवातीला लोक हसले. मग एका जानेवारीत, बागेला पाणी द्यायच्या ऐन वेळी, निम्म्या शिवाराचे ट्रॅक्टर गारठून बसले. ते तिने एकेक करून उठवले आणि हसणं बंद झालं.

मी पोचले तेव्हा ती एका फवारणीच्या पंपात कोपरापर्यंत शिरली होती.

"माई? तुम्ही चालत? बसा, त्या टायरवर बसा, स्वच्छ आहे."

मी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं, "नाशिकला गाडी कशी नेली?"

"कशी म्हणजे? चालवत."

"चाळीस किलोमीटर. म्हणजे तिथं पोचली तेव्हा चांगली तापलेली." ती हसली. "माई, पहाटे खोकणाऱ्या माणसाला दुपारी दोनला डॉक्टरकडे नेलं तर डॉक्टर काय सांगणार? ठणठणीत आहे म्हणणार. तुमची गाडी गार असताना कुणी बघितलीच नाही."

"मग आणू का तुझ्याकडे?"

"अजिबात नको. आणली की तापली. मी येते, उद्या सहाच्या आत. फक्त एक करा. रात्री उभी केली की तिला कुणी हात लावायचा नाही. दारसुद्धा उघडायचं नाही."

ह्यांना सांगितलं तेव्हा हे आधी चिडले. "ट्रॅक्टरवाली? ह्या गाडीचं बॉनेट तरी उघडता येईल का तिला?" मग म्हणाले, "येऊ दे. बघू तरी."

गुरुवारी पहाटे मंदा मोपेडवरून आली. नाक लाल झालेलं, पाठीला पिशवी. गाडीजवळ गेली, हातमोजा काढला आणि बॉनेटवर तळहात ठेवला. ताप बघतात तसा. मग ती खाली वाकली, आडवी झाली आणि बॅटरी लावून गाडीच्या पोटाखाली बघत राहिली. बराच वेळ. उठली तेव्हा तिने आधी लहानूकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"गरम आहे," ती म्हणाली.

"काय?" हे पुढे झाले. त्यांनी हात लावून बघितला. "अरे! गरमच आहे ही! रात्री कुणी काढली बाहेर? लहानू! कुणाच्या टाकीत रिकामी करून आलास?"

"नाना, देवाशपथ, गाडी जागची हलली नाही."

"मग देवानं येऊन तापवली?"

लहानूचा चेहरा मी आजही विसरले नाही. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि तो ते गिळत होता. हे मात्र माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? आणखी काय पुरावा पाहिजे?"

मंदाने शांतपणे हातमोजा चढवला. "नाना, आज काही कळायचं नाही. मी उद्या परत येते. चावी माईंकडे द्या." मग लहानूजवळून जाताना हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं, "लहानूभाऊ, आज रात्री तिला एकटीला झोपू द्या. तुमच्या भल्याचं सांगते."

हात धुवायला ती मागच्या नळावर आली. मी गरम पाणी ओतत होते.

"माई, रॉकेलचं पहिल्यांदा कोण बोललं?"

"हेच बोलले," मी म्हणाले.

"असं," ती म्हणाली आणि पदराला हात पुसले.

त्या दिवशी लहानूने आपली पेटी बांधली. त्याची बायको येऊन माझ्या पायाशी बसली, पण गयावया केली नाही. एवढंच म्हणाली, "माई, काम गेलं तर दुसरं मिळंल. पण चोर म्हणून गेला तर ह्या तालुक्यात कुणी चावी देईल का त्यांच्या हातात?" मला तिच्याकडे बघवेना.

शुक्रवारी पारा चारवर होता. नळाचं पाणी हाताला चावत होतं. मंदाने तळहात ठेवला, खाली वाकून बघितलं आणि मान हलवली. "गार. अगदी मढ्यासारखी गार. आता बोलेल ती. नाना, इकडे या. शाल ठेवा बाजूला, तुमचे हात लागणार आहेत."

"माझे? मग तू कशाला आलीस?"

"मी दाखवायला. माझ्या तोंडचं तुम्हाला पटायचं नाही, आणि लहानूभाऊंच्या तोंडचं तर नाहीच. तुमच्या हाताला विचारा ना."

हे गोंधळले, पण शाल काढून त्यांनी माझ्याकडे दिली.

आधी तिने गाडीतून वाटीभर डिझेल काचेच्या बाटलीत काढलं. दुसरी बाटली तिने येताना हायवेच्या पंपावरून भरून आणली होती. "दोन्हींत बोट बुडवा. आता चोळा. रॉकेल असेल तर चटकन उडून जातं, बोट कोरडं पडतं. डिझेल तेलकट राहतं."

ह्यांनी चोळलं. एकदा, दोनदा. वास घेतला. आणखी चोळलं.

"काय म्हणतं बोट?"

"दोन्ही सारखीच," हे पुटपुटले. "तेलकट."

"मग डिझेल चोख. हे झालं पहिलं."

मग तिने इंजिनावरचं झाकण काढलं. आत बघून एक क्षण थांबली, लग्नघरात पहिल्यांदा शिरलेली बाई दागिने बघते तशी. "काय सुंदर रचलंय हो," ती म्हणाली. "सहा सिलिंडर, एका ओळीत. आमच्या ट्रॅक्टरचे तीन. तत्त्व तेच." बाजूचा पत्रा सोडवून तिने सहा जाड नळ्या उघड्या केल्या, प्रत्येक सिलिंडरचा धूर बाहेर नेणाऱ्या. माझ्याकडून पाण्याचा तांब्या मागून घेतला आणि ह्यांच्या हातात दिला.

"लहानूभाऊ, मारा चावी. नाना, गाडी खोकायला लागली की प्रत्येक नळीवर चार थेंब टाका. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत. घाई करू नका."

लहानूने मी दिलेली चावी फिरवली. गाडी थडथडली, बंद पडली. पुन्हा फिरवली. धुराचा लोट आला आणि ती तसंच अंग हलवत कशीबशी सुरू झाली. हे वाकले. पहिल्या नळीवर थेंब पडले आणि चर्रकन उडाले. दुसऱ्या नळीवर चर्र. तिसऱ्या नळीवरून पाणी गुपचूप ओघळून खाली गेलं. हे थांबले.

"पुढं चला."

चौथी, चर्र. पाचवीवरून पुन्हा पाणी ओघळलं, खिडकीच्या काचेवरून ओघळावं तसं. सहावी, चर्र.

"दोन गार आहेत!" हे इतक्या मोठ्यांदा ओरडले की शेडवरची कबुतरं उडाली. "मंदा, तिसरी आणि पाचवी! चार कामाला आणि दोन झोपलेत!"

"झोपलेत. मिनिटभराने बाकीचे चौघं त्यांना तापवतात, मग उठतात. आणि तापलेली गाडी नाशिकला गेली की सहाच्या सहा हजर." मंदाने इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं. "डिझेलच्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. थंडीत आतली हवा तो आधी तापवतो. वर्कशॉपच्या यंत्राला प्लगपर्यंत करंट पोचला एवढंच कळतं. प्लग जिवंत आहे की मेला, ते ह्या जुन्या मॉडेलमध्ये त्याला दिसत नाही."

"मग काढ की ते दोन!"

"गार असताना ओढले तर मोडून आत पडतील. तापू दे, सैल होऊ दे."

मी खूप कारागीर बघितले आहेत. आमच्या बागेत कलमं बांधणारे, विहिरीचे सुरुंग लावणारे. पण असा धीर क्वचित बघितला. तेलाचा थेंब सोडायची, पाना पाव फेरा फिरवायची, तेवढाच परत मागे न्यायची, कान जवळ नेऊन ऐकायची. लेकराच्या पायातला काटा काढावा तसे तिने तीन प्लग काढले, दोन मेलेले आणि तुलनेला एक चांगला. पेन्सिलीएवढी लांब, बारीक लोखंडी कांडी. तिने गाडीच्या बॅटरीला दोन वायर जोडून दिल्या आणि पकड ह्यांच्या हातात दिली.

"आधी हा धरा."

चांगल्या प्लगचं टोक आधी तांबूस झालं, मग लालभडक. पहाटेच्या अंधुक उजेडात ते निरांजनासारखं दिसत होतं. मग दुसरा धरला. काळाच. तिसरा धरला. काळाच. हे तो मेलेला प्लग कितीतरी वेळ धरून उभे होते. जणू थोडं थांबलं तर पेटेल.

"हा एवढासा," ते म्हणाले. "आणि मी..."

पण माणूस हट्टी. लगेच मान वर केली. "ते ठीक आहे. मग काल ही गरम कशी होती?"

"ते लहानूभाऊ सांगतील," मंदा म्हणाली. "गाडीच्या पोटाला काजळी आहे, ती मी काल बघितली. आज सांगा भाऊ. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही."

लहानूने फडकं हातात चुरगाळलं. "मी शेक देत होतो, नाना."

"कसला शेक?"

"घमेल्यात निखारे. पहाटे चारला इंजिनाखाली सरकवायचो. कसारा घाटात ट्रकवर होतो तेव्हा उस्तादाने शिकवलेलं. शेक दिला तर निदान मिनिटभर खोकून लागायची तरी. नाही दिला तर तुम्हाला व्यापाऱ्याकडे उशीर झाला असता. काल तर दोन घमेली ठेवली. म्हटलं, बाहेरची बाई बघायला येतेय, तिच्यासमोर आपल्या गाडीची लाज जायला नको."

"अरे पण मला सांगायचं!"

"सांगितलं होतं. पहिल्या थंडीत विचारलं, खाली शेक देऊ का. तुम्ही म्हणालात, ही काय खडी वाहायचा ट्रक आहे का? पुन्हा असं बोललास तर दारात उभा करणार नाही. मग कसं सांगू?"

"आणि रॉकेल?"

"छाटणीच्या काड्या दवाने ओल्या असतात हो. पेटायला थोडं घरचं रॉकेल शिंपडायचो. हाताला, सदऱ्याला लागायचं."

ह्यांनी तोंड उघडलं. "रॉकेलचं मला तर..." आणि त्यांची नजर माझ्याकडे आली. क्षणभर आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यांनी मान फिरवली आणि म्हणाले, "चूक माझी, लहानू. सगळी माझी." त्यांनी नाशिकच्या माणसाला तिथूनच फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. येऊ नकोस म्हणाले, आमचा ड्रायव्हर आहे. पाणी द्यायला आलेली बागेतली माणसं तोवर शेडभोवती जमली होती. त्यांच्यासमोर हे म्हणाले, "मी ह्याला चोर म्हणालो होतो. तो चोर नाही. ज्यानं ऐकलं असेल त्यानं हेही ऐकावं." आयुष्यात मी ह्यांच्याशी कितीतरी वेळा भांडले, पण त्या सकाळी हे मला फार आवडले.

दुपारी नाशिकहून नवे प्लग आले. मंदाने ते बसवले आणि गाडी पुन्हा रात्रभर उभी ठेवायला सांगितली. "चांगली झाली की नाही तेही गार असतानाच बघायचं," ती म्हणाली.

शनिवारी पहाटे तीच थंडी, तेच धुकं. मंदाने तळहात ठेवला. गार. हे चावी घेऊन पुढे झाले तर तिने त्यांना अडवलं.

"नाना, तुमची पाळी काल झाली. आज माई फिरवतील."

"मी? अगं, मी जन्मात कधी त्या जागेवर बसले नाही!"

"म्हणूनच. लहानूभाऊ बाजूला बसतील, सांगतील कसं करायचं. चढा."

तिने मला दंडाला धरून वर चढवलं आणि बाहेरून दार लावून घेतलं. धप्प. त्या गाडीचं दार लागलं की बाहेरचा आवाज आत येत नसे. काचेपलीकडे हे काहीतरी विचारत होते. मंदा त्यांना हाताला धरून शेडच्या टोकाला घेऊन गेली, बहुधा धूर बघायला.

"माई, चावी एक टप्पा फिरवा," लहानू म्हणाला. "तो पिवळा दिवा बघा. तो विझेपर्यंत थांबायचं. घाई नाही. आता... आता पुढं."

मी फिरवली. गाडी लागली. एकही झटका नाही, खोकला नाही. नुसती एक खोल, सारखी घरघर माझ्या तळपायातून वर आली. मागे धूर नव्हता. टोकाला उभे असलेले हे दोन्ही हात वर करून नाचल्यासारखे काहीतरी करत होते. मंदा आमच्याकडे पाठ करून उभी होती.

मी स्टिअरिंग सोडलं नाही. समोरच बघत म्हणाले, "लहानूभाऊ, रॉकेलचं ह्यांना मी सांगितलं होतं. तुमच्या अंगाला वास येतो, असं. चहा पिता पिता. पुढं एवढं होईल असं वाटलं नव्हतं. आणि झाल्यावर, मीच बोलले होते हे कबूल करायचं धाडस झालं नाही. मंदानं विचारलं, तिलाही खोटं सांगितलं."

इंजिन चालू होतं. त्याने मांडीवरच्या फडक्याची घडी घातली.

"मला ठाऊक होतं, माई. आधी तुम्ही चहाचा कप हातात द्यायच्या. मग कट्ट्यावर ठेवायला लागल्या."

"मग त्या वेळीच का नाही बोललात मला?"

"काय बोलणार?" तो म्हणाला. "तुम्ही खोटं कुठं सांगितलं होतं? वास तर येतच होता."